चूल नाही, किटली आहे

मुंगीने चिठ्ठीवर ‘काकू’ असं लिहिलं आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या आईच्या, थोरलीच्या, अंगठ्यात सुई गेली.

सुई काही पहिल्यांदा गेली नव्हती. बावीस वर्षं कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईच्या बोटांना सुईचं काय कौतुक? एरवी ती अंगठा तोंडात धरायची आणि पुढचा टाका घालायची. आज मात्र ती रक्ताच्या थेंबाकडे बघत बसली.

चिठ्ठी कोठीतून आली होती. वर छापलेलं, ‘शनिवारी माझ्याबरोबर पिशव्या बांधायला येणारं मोठं माणूस’, आणि पुढे रेघ. दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने एक मोठं माणूस आणायचं, असा नियम.

“काकू तिथे असतेच की,” थोरली म्हणाली. आवाज होईल तेवढा साधा ठेवला होता. “तिला वेगळं आणायचं कशाला? ती तर त्या टेबलाचा पाचवा पाय आहे.”

“म्हणूनच,” मुंगी पेन्सिलीचं टोक दातात धरून म्हणाली. “तिला सगळं माहीत असतं.”

म्हणजे आईला नसतं. असं पोरगी बोलली नाही, पण थोरलीने ऐकलं.

मुलीला मुंगी म्हणायचे ते ती रांगायला लागल्यापासून. दिसेल ती वस्तू उचलायची आणि घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची. चमचे, बटणं, बाबाचे मोजे. आता नऊ वर्षांची झाली तरी खोड गेली नव्हती; फक्त आता ती वस्तू उचलून कोठीत नेत होती.

कोठी म्हणजे वाचनालयामागच्या दोन खोल्या. ज्यांच्या घरात महिना संपायच्या आधी डबे संपतात, त्यांनी तिथे यावं आणि पिशवी घेऊन जावी. नाव कोणी विचारत नसे. प्रत्येक घराचं एक कार्ड असे. पुढच्या बाजूला माणसं किती, वयं काय. मागच्या बाजूला काय चालत नाही आणि स्वयंपाक कशावर होतो. कार्डावर नंबर असे, नाव नसे. ही कार्डांची पद्धत तिथल्या कंपाउंडरकाकांनी सुरू केली. त्यांनी चाळीस वर्षं दवाखान्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं बांधली होती आणि आता त्याच चष्म्यातून ते डाळ-तांदळाकडे बघत. मुलांना ते सांगत, “आजार न वाचता गोळी देतात का? मग घर न वाचता पिशवी कशी भराल?”

आणि मुलांचं टेबल सुरू केलं ते धाकटीने. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. एकाच घरात राहत. खाली थोरलीचं बिऱ्हाड आणि शिलाईचं मशीन, वर धाकटी आणि धाकटा दीर. धाकटी शाळेच्या कार्यालयात कामाला होती. तिला मूल नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी तिने कंपाउंडरकाकांना म्हटलं, मुलांनाही एकेक कार्ड देऊ या, ती भरतील पिशव्या. झालं. पिवळा एप्रन, त्याला चार खिसे, गळ्यात शिट्टी. शनिवारी रस्त्यातली सगळी पोरं तिच्यामागे, आणि सगळ्यांत पुढे मुंगी.

तेव्हापासून थोरलीच्या घरात एक नवीन माणूस राहायला आलं होतं. त्याचं नाव ‘काकू म्हणते’. काकू म्हणते डब्याबरोबर डबा उघडायचं साधनही द्यावं. काकू म्हणते आपल्याला जे आवडत नाही ते दुसऱ्याला देऊ नये. काकू म्हणते साबणही भुकेसारखाच असतो, मागायला लाज वाटते. जेवताना, वेणी घालताना, गादीवर पडल्यावरसुद्धा.

“अगं, काकू म्हणते श्वास घ्यावा की नाही?” थोरलीने एकदा विचारलं होतं.

मुंगीला तो विनोद वाटला. ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन काकूलाही सांगून आली. काकूही हसली. मग तर थोरलीला आणखीच झोंबलं.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिला कोणाजवळ बोलता येत नव्हतं. थोरलीचा एक नेम होता, तिच्या आईकडून आलेला. रोज एक गोष्ट द्यायची आणि कोणाला सांगायची नाही. सांगितली की त्या दिवसाचा नेम मोडला. लहानच गोष्टी असत. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावताना फाटका खिसाही शिवून द्यायचा आणि तो हिशोबात धरायचा नाही. बसथांब्यावर कुडकुडणाऱ्या बाईच्या शेजारी आपली जुनी छत्री विसरल्यासारखी ठेवून यायची. आणि कोठीच्या दारातल्या पेटीत, आपल्या शिलाईच्या दुकानातून येता येता, कधी साखर, कधी डाळ. अकरा वर्षं. धाकटी लग्न होऊन या घरात यायच्याही आधीपासून. पहाटे दिवा लावून डोळे मिटले की तिला त्या नेमाचं बळ वाटायचं.

हल्ली डोळे मिटले की पिवळा एप्रन दिसायचा.

देवासमोर बसून जावेचा एप्रन बघणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. कळत होतं आणि तरी दिसत होता. चारही खिशांसकट.

चिठ्ठी लिहून झाल्यावर मुंगीने दप्तरातून कार्ड काढलं आणि मशीनवर ठेवलं. “हे माझं या वेळचं. नंबर छत्तीस. शुक्रवारी पिशवी दाखवायची आणि शनिवारी बांधायची.”

थोरलीने कार्ड उचललं. माणसं चार. दोन मोठी, एक बारा वर्षांचं मूल, एक चार वर्षांचं.

“या वेळी सामान मी आणते,” ती म्हणाली.

“पण आपण दोघींनी मिळून...”

“आणते म्हटलं ना. तुझ्या काकूलाही कळू दे, पिशवी कशी भरतात.”

“आई, कार्डाच्या मागे पण...”

“हो हो, बघते.”

आणि तिने बघितलं नाही. थोरलीचा धंदा असा, की कुठलाही कपडा आला की आधी तो उलटा करायचा. बाहेरून पँट कितीही नीट दिसो, शिवण आतून कशी आहे ते पाहिल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायची, “बाहेरून सगळेच कपडे शहाणे असतात.” तीच बाई ते चार बोटांचं कार्ड उलटं करायला विसरली. तिच्या डोळ्यांपुढे कार्ड नव्हतंच. तिच्या डोळ्यांपुढे शुक्रवार होता. मुंगीची पिशवी टेबलावर ठेवली जाते, धप्पकन आवाज होतो, धाकटी वळून बघते.

आठवडाभर ती सामान आणत राहिली. मोठ्या पिशवीत तांदूळ. कणीक. तेलाची बाटली, तीही मोठी. अख्खे राजमे, कारण धाकटीच्या पिशव्यांत नेहमी लाल मसूर असायची आणि राजमे वजनाला भारी पडतात. मसूरही घेतली, नाहीतर म्हणतील विसरली. बटाटे, कांदे.

“लग्न आहे का कुणाचं?” मुंगीच्या बाबाने विचारलं. तो बस चालवायचा आणि बोलायचाही थांबे घेत घेत.

“चार माणसांचं घर आहे, अहो.”

“असेल. पण उचलून कोण नेणार? त्या चार माणसांत एक हमाल आहे का?”

“तुम्ही आपले जेवा.”

तो जेवला. पण ताट उचलताना म्हणाला, “वरची काही बोलली का तुला?”

“कोण काय बोलणार मला?”

“नाही, वास आला जळण्याचा,” तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला तो लवकर बाहेरच आला नाही. शहाणा माणूस.

शुक्रवारी चार वाजता कोठीत मुलांची रांग लागली होती. कंपाउंडरकाका टेबलामागे बसून एकेक कार्ड वाचत, मग पिशवीतलं सामान बाहेर काढून ओळीने मांडत, चष्मा वर-खाली करत. धाकटी बाजूला उभी राहून वहीत खूण करत होती.

एका मुलाने फक्त बिस्किटं आणली होती.

“का रे बाबा?”

“आमच्या कार्डात चार मुलं आहेत,” तो ठामपणे म्हणाला. “मला माहीत आहे त्यांना काय हवं असतं.”

“निदान बरोबर, औषध थोडं गोड झालं,” काका म्हणाले. सगळे हसले. धाकटीने वाकून त्या मुलाला हळूच काहीतरी सांगितलं, आणि तो दात नसलेलं हसला. थोरली बघत होती. ही असं काय बोलते पोरांच्या कानात? काय असतं हिच्याजवळ?

मग मुंगीची पाळी आली. पिशवी मुंगीच्याने उचलवेना, म्हणून थोरलीनेच ती टेबलावर ठेवली. आवाज झाला. अगदी मनासारखा. धाकटीने वळूनही बघितलं.

“बाप रे, ताई!” ती म्हणाली. “एवढं सगळं?”

थोरलीने पदर सारखा केला. “चार माणसं आहेत ना.”

काकांनी कार्ड पुढून वाचलं. मग ते उलटं केलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं, मोठ्याने, कारण ते सगळ्यांचीच कार्डं मोठ्याने वाचत. “चूल नाही. शेगडी नाही. राहत्या खोलीत घरमालक काहीही पेटवू देत नाही. फक्त किटली आहे.”

टेबलावर राजमे होते, कणीक होती, तेल होतं, कच्चे बटाटे होते.

“किटलीत पोळी कशी भाजणार?” बिस्किटवाल्या पोराने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कोणीतरी फिसकन हसलं. मुंगी हसली नाही. ती आईकडे बघतही नव्हती. खाली मान घालून बुटाच्या टोकाने फरशीवरची रेघ गिरवत होती, आणि थोरलीला वाटलं, हिने निदान माझ्याकडे रागाने तरी बघावं.

“चूक माझी,” धाकटी पटकन म्हणाली. “मागच्या बाजूचं अक्षर मीच बारीक लिहिलंय. कोणालाही दिसलं नसतं. ताई, सामान कुठे वाया जातंय? हे आपण मोठ्या फळीवर ठेवू, चूल असलेल्या घरांना जाईल. मुंगीच्या पिशवीचं मी बघते, माझ्याकडे नूडल्सचे कप आहेत.”

अक्षर बारीक नव्हतं. चांगलं ठसठशीत होतं. चारचौघांत धाकटीने आपल्यावर पांघरूण घातलं, हे थोरलीला कळलं, आणि त्या पांघरुणाखाली तिचा जीव गुदमरला. टोमणा मारला असता तर परत मारता आला असता. या चांगुलपणाचं काय करायचं?

“काही नको,” ती म्हणाली. “छत्तीस नंबर आमचा आहे. आम्ही करतो.”

“ताई, उद्या सकाळी दहाला...”

“दहाला आणते.”

घरी येताना मुंगी दोन पावलं पुढे चालत होती. रडत नव्हती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, “मी सांगत होते तुला. मागे पण लिहिलंय म्हणून.”

“सांगत होतीस.”

“तू कोणाचंही उलटं करून बघतेस. आमच्या वर्गशिक्षिकेचा कोटसुद्धा तू त्यांच्यासमोर उलटा केलास. माझंच कार्ड नाही बघितलंस.”

थोरलीजवळचं उत्तर इतकं लहान आणि कुरूप होतं की नऊ वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखं नव्हतं. मी तुझ्या काकूची पिशवी बघत होते, बाळ. तुझी नाही.

घरी येऊन तिने रिकामी पिशवी ओट्यावर ठेवली. संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं. मुंगी स्टुलावर बसली, कार्ड मांडीवर. “फक्त किटली,” ती पुटपुटली. “किटलीत काय होतं? चहा. सूपची पुडी. रोज सूपच प्यायचं का त्यांनी?”

“अंडी होतात,” थोरली म्हणाली.

मुंगीने वर बघितलं.

“किटलीत अंडी उकडता येतात. पाणी उकळलं की बंद करायची, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायची, मग आणखी एकदा उकळी. फार भरायची नाहीत, एका वेळी तीन. आणि भात होतो.”

“किटलीत?”

“किटलीत नाही.” थोरलीने फळीवरून थर्मास काढला. स्टीलचा, बुडाशी पोचा आलेला. यातूनच ती दुकानात चहा न्यायची. “यात.”

तिने किटली लावली. पाणी उकळल्यावर आधी थर्मास नुसत्याच पाण्याने भरून ठेवला. “आतून तापवून घ्यायचा. थंड थर्मास म्हणजे थंड चूल.” ते पाणी ओतून दिलं. मग अर्धी वाटी तांदूळ मोडून घेतला, लाटण्याने, फडक्यात घालून. “कणी असली की लवकर शिजते.” मूठभर लाल मसूर, धुतलेली, चिमूटभर मीठ. वरून पुन्हा उकळतं पाणी, झाकण घट्ट, आणि थर्मास टॉवेलात गुंडाळून आडवा. “उभा ठेवला तर सगळं तळाशी बसतं. अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, पुन्हा उकळतं घालायचं. मग दीड तास विसरून जायचं. आम्ही सकाळी पाणी बदलूनच कामावर जायचो. आलं की तयार.”

“आम्ही म्हणजे कोण?”

थोरलीचा हात टॉवेलावर थांबला. ही गोष्ट तिने या घरात कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. त्याला वाटायचं, लग्नाआधी ती शिवणकाम शिकायला मावशीकडे राहिली होती.

“तुझ्या बाबांशी लग्न व्हायच्या आधी मी कपड्यांच्या कारखान्यात होते. आम्ही चौघी मुली एका खोलीत. मालकीण काही पेटवू द्यायची नाही. किटली एक, आणि चौघींत हा एक थर्मास. दोन वर्षं.”

मुंगी स्टुलावरून उतरली आणि तिने टॉवेल सारून थर्मासच्या पोच्यावर बोट ठेवलं. “हा तेव्हाचा?”

“तेव्हाचाच. जिना उतरताना पडला. भात आत होता. चौघी रडलो होतो.”

“भातासाठी?”

“त्या दिवशी दुसरं काही नव्हतं.”

मुंगी आईच्या कुशीत शिरली, डोकं तिच्या पोटात खुपसून, जशी फार दिवसांत शिरली नव्हती. थोरलीने टॉवेलासकट आडवाच उचललेला थर्मास दोघींच्या मधे अडकला होता आणि ऊबदार लागत होता.

भात झाला. थोडा गिचका, पण शिजलेला. मुंगीने उभ्या उभ्या चमच्याने निम्मा संपवला.

“आई!” ती एकदम ओरडली. “कोठीत वरच्या फळीवर थर्मास आहेत! सतरा! लोक देतात आणि काका म्हणतात, यांचं करायचं काय. आणि किटलीची कार्डं या महिन्यात खूप आहेत, काकू म्हणत होती. चौदा की काय. तू उद्या सगळ्यांना दाखव!”

थोरलीने ते चित्र बघितलं. सगळी मुलं गोल उभी, कंपाउंडरकाका चष्मा वर करून बघताहेत, धाकटी वहीत लिहून घेतेय, आणि मधे आपण. किती गोड चित्र होतं ते! आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं. कोणीतरी विचारणार, तुम्हाला हे कसं माहीत? आणि मग चारचौघांत ती खोली, ती मालकीण, जिन्यात सांडलेला भात.

आणि त्यामागून तिसरी गोष्ट आली, हळूच. आज दिवसभरात तिने काही दिलं नव्हतं. राजमे? ते तर ठासून, आवाज करून दिलेले. ते कुठल्याच नेमात बसत नव्हते.

न सांगण्यात नेम किती आणि लाज किती, हे तिलाही ठरवता आलं नाही. तिने ठरवायचा प्रयत्नही सोडला.

“मी नाही. काकू दाखवेल,” ती म्हणाली. “तिचं सगळी मुलं ऐकतात. तू तिला नीट शिकव. पाणी बदलायचं विसरू नकोस.”

“तू शिकवलंस असं सांगू ना?”

थोरलीने किटली पुसली. आधीच स्वच्छ होती, तरी पुसली.

“नको,” ती म्हणाली. “तेवढं आपल्या दोघींत राहू दे.”

मुंगीचे डोळे मोठे झाले. “काकूला पण नाही?”

“काकूला पण नाही.”

शनिवारी कोठी माणसांनी भरली होती. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस, कोणाची आजी, कोणाचा मामा, आणि मुंगीबरोबर पिवळा एप्रन. थोरली पिशवी पोचवायला म्हणून आली होती. चिठ्ठीवर तिचं नाव नव्हतं, म्हणून ती मागच्या टेबलाशी उभी राहून चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होती. तिथे कोणी ना कोणी लागतंच.

पुढे धाकटीने शिट्टी वाजवली. टॉवेल अंथरला. सतरातले पहिले तीन थर्मास धुऊन ओळीने मांडले होते.

“आज आपण चूल न पेटवता भात करणार आहोत,” ती म्हणाली, आणि पोरांत ‘ऑऽ’ असा आवाज फुटला.

धाकटी छान सांगत होती, हे कबूल करायलाच हवं. थोरलीने सांगितलं असतं तर मान खाली घालून, चार वाक्यांत. धाकटीने थर्मास बाळासारखा हातावर घेतला, टॉवेलात गुंडाळला, ‘श्श, झोपलाय’ म्हणाली, आणि पोरं चिडीचूप झाली. थंड थर्मास म्हणजे थंड चूल, हे वाक्यही तिने घेतलं. थोरलीचं वाक्य. कात्री चिकटपट्टीत वाकडी गेली.

दोन तासांनी झाकण उघडलं, वाफ आली, टाळ्या झाल्या. बिस्किटवाल्या पोराने दोनदा मागून खाल्लं. कंपाउंडरकाकांनी चमचाभर तोंडात घातला आणि डोळे मिटले. “वा! चौदाही कार्डांना थर्मास जाणार आज, आणि बरोबर कृतीचा कागद. हे तुमच्याशिवाय कोणाला सुचणार, बाई?”

“मला नाही हो,” धाकटी म्हणाली. “मुंगीने शिकवलं मला, आज सकाळी.”

“मुंगी तुमचीच ना! तुमच्याच हाताखाली तयार झालेली.”

थोरलीच्या पोटात असा जाळ उठला की त्यावर चौदा घरांचा भात झाला असता. तुमचीच! तिने चिकटपट्टीचं रीळ घट्ट धरलं. एक शब्द. एकच शब्द बोलायचा अवकाश होता. माझी. माझी मुलगी, माझा थर्मास, माझा भात. शब्द अगदी दातांपर्यंत आला.

आणि गर्दीतून मुंगीने मान वळवली. तिने आईला शोधलं, थेट बघितलं, आणि ओठ आत ओढून गच्च मिटून घेतले, जणू तोंडात लिमलेटची गोळी आहे आणि ती कोणाला दिसता कामा नये. डोळे मात्र नुसते नाचत होते.

थोरलीनेही ओठ मिटले. शब्द आत गेला. उतरायला जरा वेळ लागला.

दुपारी साडेबाराला मुलं पांगली. भरलेल्या पिशव्या भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. छत्तीस नंबरच्या पिशवीत कणी होती, मसूर होती, अंडी होती, आणि टॉवेलात गुंडाळलेला, बुडाशी पोचा असलेला थर्मास. फळीवर नवे होते, पण तोच द्यायचा असं दोघींनी घरूनच ठरवलं होतं.

धाकटी फडकं घेऊन टेबल पुसत होती. “ताई, उद्यापासून दुकानात चहा कशातून नेणार?”

थोरली दचकली. “म्हणजे?”

“काही नाही, सहज विचारलं.” धाकटी मान वर न करता भाताची शितं गोळा करत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला एक सांगू? मला शनिवार दहा ते साडेबारा एवढाच आवडतो. मग कोणाची आई येते, कोणाचा बाबा येतो. मुंगी तर तुम्ही दारात दिसलात की माझं वाक्य अर्धं टाकून पळते. आणि मग हे टेबल असतं आणि मी असते. दोन वर्षं झाली, दर शनिवारी स्वतःला म्हणते, आपण असं वाईट वाटून घेऊ नये.” ती हसली. “घेतेच.”

आपल्याला जे वरून दिसत होतं, त्याला आतूनही एक शिवण आहे, हे थोरलीला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. दया आली का? आली असावी. पण खरं सांगायचं तर आधी तिच्या मनात आलं ते हे, की पोरगी वाक्य अर्धं टाकून पळते. माझ्याकडे. ते ती दिवसभर घोळवणार होती, हेही तिला माहीत होतं.

मुंगी चप्पल घालून दारात उभी होती. “चल ना, आई.”

थोरलीने मुलीकडे बघितलं, मग त्या लांबलचक टेबलाकडे. नेमाचं कालचं तर भाताच्या रूपाने देऊन झालं होतं. आजचं अजून राहिलं होतं.

“मुंगे, चप्पल काढ,” ती म्हणाली. “काकूला टेबल पुसू लाग. आणि जेवायलाही आज वरच जा, काकूकडे. मला एक कोट द्यायचाय, मी पुढे होते.”

धाकटीचा फडक्यावरचा हात थांबला. कुठलाच कोट द्यायचा नव्हता. शनिवारी दुपारी दुकान बंद असतं, हे धाकटीला ठाऊक होतं. तिने सरकून मुंगीला टेबलाशी जागा करून दिली.

थोरली बाहेर पडली. ऊन चांगलं होतं. मागून पोरीचं हसणं ऐकू आलं, मग काकूचं. तिच्या पोटात पुन्हा थोडं जळलं, ओळखीचं, रोजचं. पण ती वळली नाही. म्हणजे वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत वळली नाही. तिथे मात्र एकदा वळून बघितलं, आणि मग इतकी हळू चालू लागली, की मागून कोणी लवकर निघालंच, तर गाठता यावं.